सवाष्णीचं पार्सल

१

शुक्रवारी साडेबारा वाजले की नागरत्नाबाई फोन घेऊन देवघरासमोर बसायच्या. निरांजन तेवत असे, आणि फोनच्या पडद्यावर एक इवलीशी स्कूटर मैसूरच्या रस्त्यांवरून सरकत असे. अग्रहारातल्या हॉटेलातून निघाली, वळली, सिग्नलला थांबली, पुन्हा निघाली. ती सरस्वतीपुरमला पोचून तिथली बाई जेवेपर्यंत नागरत्नाबाईंनी पाण्याखेरीज काही घ्यायचं नाही, असा नेम होता.

नवस सोळा शुक्रवारांचा होता. दर शुक्रवारी एका सवाष्णीला पुरणपोळीचं, म्हणजे मैसुरातल्या होळगीचं, जेवू घालायचं, ती तृप्त झाले म्हणाली की मगच आपण घास घ्यायचा. देवी हिंगुळांबिकेला हे बोलल्या होत्या ते नवऱ्यासाठी, गुरुराज मास्तरांसाठी. ज्येष्ठात मास्तरांचं बायपास झालं. हृदय सुधारलं, पण भूक मात्र इस्पितळातच राहून गेल्यासारखी झाली. दोन घास घेतले की ताट सरकवायचे. काटा सत्तेचाळीस किलोवर आला, तेव्हा डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाले, "अम्मा, औषध मी देतो. पण पोटात अन्न गेलं नाही, तर हा माणूस संक्रांत बघेल असं मी सांगू शकत नाही."

पहिले दहा शुक्रवार बाईंनी स्वतः रांधलं. रांधणं सोपं होतं, सवाष्ण मिळणं कठीण. गल्लीत सवाष्णी खूप, पण शुक्रवारी दुपारी मोकळी एकही नाही. कुणी बँकेत, कुणी हेब्बाळच्या कंपनीत. मग न्हाणीघरात पाय घसरला, उजवं मनगट मोडलं आणि प्लास्टर आलं.

त्यांच्या मुलानं, प्रणेशनं, फोनमध्ये अ‍ॅप घालून दिलं. "आई, आता सवाष्ण घरी नको, जेवणच तिच्या घरी. सरस्वतीपुरमची आपली विद्याश्री घरूनच काम करते ना? अर्धा तास तर जेवायला उठतेच ती."

"हॉटेलचं चालेल का रे देवीला?"

"कांदा-लसूण नको, असं लिहितो. होळगी ताजी करतात ते. फक्त एक, देवी असली तरी डिलिव्हरी चार्ज माफ नाही."

चार्ज खरंच माफ नव्हता. जेवणाचे पैसे, डब्याचे पैसे, अ‍ॅपचे पैसे, पाऊस असेल तर पावसाचे पैसे. खुर्चीत पडल्यापडल्या मास्तर म्हणत, "होळगीपेक्षा तिचा प्रवास महाग." पण बाईंना त्याचं काही वाटत नसे. एका हातानं त्या काय रांधणार होत्या? अनोळखी आचारी आपल्यासाठी पुरण घोटतो, अनोळखी माणूस उन्हातून ते पोचवतो. रोज दिवा लावताना त्या दोघांनाही त्या नमस्कार करायच्या. अकरावा आणि बारावा शुक्रवार असे निर्विघ्न पार पडले.

२

तेराव्या शुक्रवारी प्रणेशला मीटिंग होती. बाईंनी ऑर्डर स्वतःच दिली, डाव्या अंगठ्यानं. नकाशावरचा लाल ठिपका जरासा हलल्यासारखा वाटला, पण खाली सरस्वतीपुरमच लिहिलेलं होतं. हा पत्ता जतन करायचा का, असं अ‍ॅपनं विचारलं. त्यांनी हो म्हटलं आणि नाव लिहिलं, 'सवाष्ण'.

एक वाजून पाच मिनिटांनी पोचल्याचा फोटो आला. लाल गुळगुळीत जमीन, नुकती पुसलेली. उंबऱ्यावर हळदीकुंकवाची बोटं ओढलेली. त्याच्या पुढ्यात पार्सलची पिशवी. बाईंना बरं वाटलं. नोकरी सांभाळून विद्याश्री उंबरा पुजते, आजकालच्या मुलींत हे कुठं दिसतं?

पंधरा मिनिटांनी फोन वाजला. अ‍ॅपमधून येतो तसला लांबलचक नंबर होता. पोचवणाराच असेल म्हणून त्यांनी उचलला.

"पोचलं हं, नागू," बाईचा आवाज म्हणाला. "तृप्त झाले."

आणि फोन ठेवला गेला.

बाईंनी देवीला हात जोडले आणि ताट वाढून घेतलं. दोन घास झाल्यावर त्यांच्या मनात आलं, विद्याश्री तर आपल्याला काकू म्हणते. नागू म्हणणारी माणसं कधीच गेली. आणि त्या आवाजाच्या मागे काहीच नव्हतं, पंखा नाही, गाडी नाही, कुकरची शिट्टी नाही. दुपारी एवढं शांत घर मैसुरात कुठलं?

अडीचला विद्याश्रीचा फोन आला. "काकू, मी वाट बघून बघून शेवटी दहीभात खाल्ला. पार्सल आलंच नाही. तुम्ही उगीच उपाशी बसला असाल, अय्यो."

"नाही ग," बाई म्हणाल्या. "मी जेवले."

३

रात्री प्रणेशनं पाहिलं. "पिन घसरलीय. दोन गल्ल्या पलीकडं गेलंय पार्सल. थांब, तक्रार करतो, पैसे परत देतील."

"सवाष्णीला वाढलेलं परत मागायचं?"

"आई, ती सवाष्ण नाही. फुकट मिळालं म्हणून कुणीतरी खाल्लं."

"फुकट खाणारं माणूस फोन करून तृप्त झाले म्हणतं का?"

प्रणेशनं तक्रारीचं पान बंद केलं. पण आपण चुकीच्या बाईच्या भरवशावर उपास सोडला का, हा काटा त्यांना टोचत होता. नवस मोडला असला तर? त्यांनी तो फोटो पुन्हा उघडला. उंबऱ्यावरचं कुंकू ओलं होतं. कुणीतरी सवाष्णच असणार, त्यांनी मनाला सांगितलं.

त्या रात्री मास्तरांनी ताटाला हातच लावला नाही. "पोट भरलंय," ते म्हणाले. बाई धास्तावल्या. पण मास्तरांच्या गालांवर रंग होता. सकाळी काट्यावर उभं केलं, तर अठ्ठेचाळीस. ऑपरेशननंतर पहिल्यांदा काटा वर गेला होता.

बाई देवघरासमोर जाऊन बसल्या, आणि बराच वेळ नुसत्या रडल्या.

काट्यात बिघाड असेल, म्हणून त्यांनी त्यावर तांदळाची पाच किलोची पिशवी ठेवून पाहिली. काटा पाचावर अगदी बिनचूक थांबला. औषध लागू पडलं असेल. सकाळचं दूध अंगी लागलं असेल. मोठ्या आजारातून उठताना असं होतच असेल. ही सगळी कारणं त्यांनी एकेक करून तपासली, आणि सगळी पटण्यासारखी होती. तरी बुधवारी त्यांनी विद्याश्रीला फोन केला. "तुला आता त्रास नको ग. दुसरी सोय झालीय."

"कोण मिळालं, काकू?"

"आहे एक. उंबरा पुजते."

शुक्रवारी त्यांनी अ‍ॅप उघडलं, 'सवाष्ण'वर बोट ठेवलं. लाल ठिपका होता तिथंच होता. प्रणेशनं सांगितलं होतं, आई, तो आधी सरळ कर. तो सरळ करायला अर्धं मिनिट लागलं असतं.

त्यांनी केला नाही.

४

चौदाव्या शुक्रवारचा फोटो आधीच्यासारखाच होता, फक्त पिशवी उंबऱ्याच्या आत होती. मास्तरांचं वजन एकोणपन्नास.

हे वजन कुठून येतं, ते मात्र कळत नव्हतं. आठवडाभर त्यांच्या पोटात सकाळचं दूध आणि औषधांबरोबरचं पाणी, एवढंच जात होतं. बाकी सगळ्याला एकच उत्तर, "नको ग, भरलंय." पण आवाज खणखणीत झाला होता. काठी सोडली होती. शेजारच्या मल्हाररावांशी दारात उभं राहून तासभर गप्पा मारत. मल्हारराव बाईंना म्हणाले, "वहिनी, मास्तरला काय खिलवताय? आमच्या घरी पण पाठवा ते."

बाई हसल्या. आत येऊन त्यांनी मास्तरांचं हात न लावलेलं ताट झाकून ठेवलं.

पंधरावा शुक्रवार. एक वाजता मास्तर व्हरांड्यातल्या खुर्चीत डोळे मिटून बसले होते. छाती हलकेच वरखाली होत होती. देवघरातून बाईंना ते दिसत होते. फोटो आला.

उंबऱ्याच्या आत पिशवी होती. बाहेर, दाराच्या डाव्या अंगाला, पुरुषाच्या चपला काढून ठेवल्या होत्या. नीट, जोडीनं, टाचा भिंतीकडे. डाव्या चपलेचा पट्टा कापून सैल केलेला होता.

ऑपरेशनसाठी मास्तरांच्या डाव्या पायातली शीर काढली होती. पायाला सूज राहायची म्हणून बाईंनी स्वतःच तो पट्टा कात्रीनं कापला होता.

त्या उठल्या. भिंतीला धरत दारापाशी गेल्या. मास्तरांच्या चपला जागेवर होत्या. जोडीनं, टाचा भिंतीकडे. बाईंनी खाली बसून डाव्या हाताचा तळवा डाव्या चपलेत ठेवला.

चपलेला ऊब होती. आत्ता कुणी पाय काढून घ्यावा, तशी.

ऊन येतं इथं, त्यांनी स्वतःला सांगितलं. मग वर पाहिलं. त्या दिवशी मैसुरावर सकाळपासून ढग होते.

"काय शोधतेस?" मास्तरांनी डोळे उघडले.

"काही नाही. अहो, थोडा भात खाता?"

"आत्ताच तर जेवलो," मास्तर म्हणाले. मग काहीतरी आठवल्यासारखं करून थांबले, आणि लाजल्यासारखे हसले. "झोपेत होतो वाटतं."

५

पोचवणारा माणूस चारही वेळा एकच होता, पवनकुमार. पन्नाशीचा. नंजनगूडचा कारखाना बंद पडल्यावर या कामाला लागलेला, घरात मराठी बोलणारा. हे सगळं बाईंना सोळाव्या शुक्रवारी कळलं, कारण त्या दिवशी त्यांनी त्याला फोन केला.

"त्या घरी कोण आहे, पवनकुमार?"

"दिसलं नाही कुणी, अम्मा. गेट उघडं असतं. घर स्वच्छ. बेल दाबतो, पिशवी उंबऱ्याबाहेर ठेवतो, फोटो काढतो."

"बाहेर?"

"बाहेरच. आत कसा जाईन मी? मग गाडीकडं वळतो, परत बघतो तर पिशवी नसते. दार उघडल्याचा आवाज काही येत नाही." तो जरा थांबला. "आवाज येतो तो दुसरा. कुणी जेवायला बसलंय असा. पळी पातेल्याला लागते ना, तसा. चांगला वाटतो ऐकायला. माझी आई असताना आमच्या घरी यायचा तसा."

"किती जण असतील?"

"दोघं असतील. आज निघताना सांगू का त्यांना काही?"

"नको. नीट जा. उन्हात पाणी पीत जा," बाई म्हणाल्या.

अर्ध्या तासानं फोटो आला. या वेळी पिशवी दिसतच नव्हती.

खोली होती. लाल जमिनीवर दोन पाट, दोन केळीची पानं. मेहूण जेवायला बसवतात तसे शेजारी शेजारी. एक पाट फोटोच्या कडेनं कापला गेला होता, तिथं हिरव्या काठाची निरी तेवढी दिसत होती. दुसऱ्या पाटावर पुरुषाची मांडी. धोतर गुडघ्यापर्यंत सरकलेलं, आणि डाव्या नडगीवर घोट्यापासून वर गेलेला लांब, गुलाबी व्रण. पानावर अर्धी होळगी. तिच्यावर तुपाची धार पडत होती. वरून धरलेली तुपाची वाटी दिसत होती. वाटी धरणारं बोट पाहायला बाईंनी फोटो मोठा केला, तो फिसकटला, आणि त्यात नुसते पिवळे-लाल चौकोन उरले.

फोन वाजला. "सोळा झाले, नागू," आवाज म्हणाला. त्यात प्रेम होतं. "तृप्त झालो."

बाईंनी ताट वाढलं आणि जेवल्या. नवस पूर्ण झाला होता. मास्तर बावन्न किलोचे होते. संक्रांत पंधरा दिवसांवर होती. अजून मागायचं काय? त्यांनी देवीपुढं डोकं टेकवलं. उठताना लक्षात आलं की आपण मघापासून व्हरांड्याकडं पाहिलेलंच नाही.

६

मंगळवारी प्लास्टर निघालं. शुक्रवारी अ‍ॅप उघडायचं कारणच नव्हतं. बाईंनी सकाळी चणाडाळ शिजत घातली, कोवळ्या मनगटानं पुरण वाटलं, आठ होळग्या केल्या. कटाची आमटी, कोशिंबीर, भात. इतक्या महिन्यांनी घरात वेलदोड्याचा वास सुटला. मास्तरांसाठी चांदीचं ताट काढलं.

मास्तर येऊन बसले. परक्याच्या घरी आग्रह झाला की पाहतात, तसं त्यांनी ताटाकडं सौजन्यानं पाहिलं. "छान दिसतंय," म्हणाले. घास उचलला, तोंडापाशी नेला आणि खाली ठेवला. "जात नाही ग, नागरत्ना."

"एक घास. माझ्या हातचा."

त्यांनी खरंच प्रयत्न केला. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. मग भिंतीला धरून ते खुर्चीत जाऊन बसले. बारा वाजता त्यांचे ओठ पांढरे पडले. साडेबाराला नखं. डॉक्टरांना फोन लावला, तर ते ऑपरेशनमध्ये होते. मास्तर दाराकडं पाहत होते, बस चुकलेल्या माणसासारखे.

एक वाजता फोन आला. लांबलचक नंबर.

"आज काही आलं नाही ग, नागू," आवाज म्हणाला. रागाचा लवलेशही नव्हता. "पाट मांडून बसलोय."

बाईंनी अ‍ॅप उघडलं. हॉटेल शुक्रवारच्या गर्दीत होतं, पन्नास मिनिटं दाखवत होतं. त्यांनी मास्तरांच्या हाताला हात लावला. हात थंड होता. त्यांनी स्वयंपाकघरात जाऊन उरलेल्या सगळ्या होळग्या, आमटी, भात, तूप, सगळं डब्यात भरलं. मल्हाररावांना मास्तरांपाशी बसवलं, त्यांना म्हणाल्या, नैवेद्य देऊन येते. आणि रिक्षा केली. रिक्षावाल्याला फोनवरचा लाल ठिपका दाखवला.

गल्ली साधी होती. कुणाचे कपडे वाळत होते, एक मांजर कट्ट्यावर झोपलं होतं. गेट उघडं होतं. लाल जमीन, ओलं कुंकू. दाराच्या डाव्या अंगाला पाहायचं नाही, असं ठरवूनही बाईंनी पाहिलंच. चपला होत्या.

उंबऱ्याबाहेर त्यांनी डबा ठेवला. बेल दाबली. मग पवनकुमार करायचा तसं केलं, पाठ वळवली. दाराचा आवाज झाला नाही. पण पाठीमागे, अगदी जवळ, डब्याच्या कड्या निघाल्याचं ऐकू आलं. पानावर पाणी शिंपडल्याचं. पळी पातेल्याला लागल्याचं. मग कुणीतरी घास घेतला, आणि मास्तर जेवताना घशातून जो एक समाधानाचा हुंकार काढायचे, लग्नाच्या पहिल्या वर्षापासून जो त्या ऐकत आल्या होत्या, आणि ज्येष्ठापासून जो घरात ऐकू आला नव्हता, तो त्यांनी ऐकला.

"आणखी एक वाढ," मास्तर आत म्हणाले. थोड्या वेळानं पुन्हा, "आणखी एक."

"ती बाहेर उभी आहे," बाईचा आवाज म्हणाला. "बोलवू का आत?"

"नको. माझं होईपर्यंत ती काही खात नाही," मास्तर म्हणाले. "घरी जाऊन जेवेल."

नागरत्नाबाईंचे हात जोडलेले होते. ते कधी जोडले गेले, त्यांना कळलं नव्हतं. वळून पाहावं, इतकाच एक विचार त्यांच्या मनात होता, आणि वळले तर त्यांचं जेवण अर्ध्यावर राहील, हा दुसरा. त्या वळल्या नाहीत. गेटातून तशाच सरळ बाहेर पडल्या.

घरी मास्तर खुर्चीत झोपले होते. मल्हारराव म्हणाले, "वहिनी, घाबरायचं काही नाही. दीड वाजून गेल्यावर रंग परत आला बघा. झोपेत काहीतरी पुटपुटत होते." ते गेले. बाईंनी वाकून पाहिलं. मास्तरांच्या ओठाच्या कोपऱ्यात तूप चकाकत होतं. त्यांनी ते पदरानं पुसलं.

फोन वाजला तेव्हा त्या दचकल्या, पण प्रणेश होता.

"आई, अप्पा जेवले?"

"जेवले."

"खरंच? किती?"

"वर दोन होळग्या मागून घेतल्या."

"देवी पावली म्हणायची," प्रणेश म्हणाला. त्याचा आवाज भरून आला होता. "हॉटेलच्या की तुझ्या हातच्या?"

"माझ्या हातच्या," बाई म्हणाल्या. "प्रणेश, त्या अ‍ॅपमध्ये दर आठवड्याला आपोआप जाईल असं करता येतं का रे? माझं कधी चुकलं तर?"

"बघतो. कुणासाठी?"

त्यांनी फोन ठेवला. सकाळी चांदीच्या ताटात वाढलेलं तसंच होतं, गार झालेलं. ते घेऊन त्या स्वयंपाकघरात पाटावर बसल्या, देवीचं नाव घेतलं आणि मास्तरांनी उचलून ठेवलेला तो घास आधी तोंडात घातला.